अर्धा दिवस शाळेत, पूर्ण हक्क पटावर: एका दुहेरी विरोधाचा प्रतिवाद

विशेष गरजा असलेल्या मुलाने दिवसाचा किंवा आठवड्याचा काही भाग शाळेत आणि उरलेला भाग घरी शिकावा, या व्यवस्थेला दोन बाजूंनी विरोध होतो, आणि या दोन बाजूंचे एरवी एकमेकींशी कशातही पटत नाही. पहिली बाजू समावेशी शिक्षणाच्या कट्टर समर्थकांची असून, अर्धवेळ शाळा म्हणजे दिव्यांग मुलाला मागच्या दाराने बाहेर काढण्याची सोय होय, असे तिचे म्हणणे असते. दुसरी बाजू शाळांच्या आणि शिक्षण खात्याच्या कारभाराची असून, मूल एक तर रोज पूर्ण वेळ यावे किंवा पूर्ण वेळ घरी राहावे, मधले काही हजेरीपटात बसत नाही, असे ती बजावते. एकीला मुलाच्या हक्काची काळजी आहे आणि दुसरीला कागदाची. तरीही दोघी एकाच निष्कर्षाला येतात, कारण शाळेचा पूर्ण दिवस हेच शिक्षणाचे अविभाज्य माप आहे, हे गृहीतक दोघींनीही न तपासता स्वीकारलेले आहे. प्रस्तुत प्रतिवाद त्या गृहीतकाविरुद्ध आहे, आणि त्याचा दावा असा की मुलाचे नाव पटावर ठेवून, लेखी आराखड्याने आणि शाळेच्या उत्तरदायित्वाखाली चालणारी अर्धवेळ शाळा ही समावेशापासून घेतलेली माघार नसून, अनेक मुलांच्या बाबतीत समावेशाचा तोच एकमेव प्रामाणिक मार्ग आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. सरकारी कागदांत ‘सीडब्ल्यूएसएन’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलांमध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (म्हणजे मेंदूच्या वाढीतील दोषामुळे किंवा इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा), बौद्धिक दिव्यांगत्व, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता अशा अनेक अवस्थांची मुले येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा २१ प्रकारांची नोंद आहे. ‘गृहशाळा’ म्हणजे पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आणि खर्चाने घरी दिलेले शिक्षण. ‘गृहाधारित शिक्षण’ ही त्याहून वेगळी, शासनाने मान्य केलेली सोय असून तीत मुलाचे नाव सामान्यतः शाळेच्या पटावर असते आणि विशेष शिक्षक ठरावीक दिवशी घरी येऊन शिकवतो. येथे ज्या व्यवस्थेचे समर्थन करायचे आहे तिला ‘संमिश्र व्यवस्था’ म्हणता येईल: मूल नजीकच्या शाळेचा विद्यार्थी राहते, ठरावीक तास वर्गात असते, उरलेले तास घरी किंवा वस्तीत शिकते, आणि या दोन्ही भागांचा हिशेब एकाच आराखड्यात मांडलेला असतो.

ही कल्पना परदेशातून आणलेले नवे खूळ आहे, असा समज असेल तर तो भारतीय कायद्याचा इतिहासच खोडून काढतो. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमाच्या २७ व्या कलमात, पाचवीपर्यंत शिकून पुढे पूर्ण वेळ शिक्षण चालू ठेवू न शकलेल्या दिव्यांग मुलांसाठी अर्धवेळ वर्ग चालवण्याच्या योजना शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी अधिसूचित कराव्यात, असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि मुक्त शाळांमार्फत शिक्षण देण्याची तरतूदही त्याच कलमात होती. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला नजीकच्या शाळेचा हक्क मिळाला. २०१२ च्या सुधारणेने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा अधिकार दिला. २०१६ च्या अधिनियमाने १९९५ च्या कायद्याची जागा घेतली, त्यात समावेशी शिक्षणाची व्याख्या आली, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आला, पण अर्धवेळ वर्गांची जुनी तरतूद जशीच्या तशी पुढे आली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही नियमित शाळा, विशेष शाळा आणि शाळेत जाऊच न शकणाऱ्या अतितीव्र दिव्यांग मुलांसाठी गृहाधारित शिक्षण, असे तीन पर्याय ठेवले. एकूण हक्कांचा विस्तार झाला ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र त्या विस्तारात एक मधली वाट, जी कधीकाळी कायद्याच्या शब्दांत होती, ती हरवली.

ती वाट हरवल्याचे परिणाम कोणावर झाले, हे टक्केवारीच्या प्रमाणपत्रांवरून दिसते. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ही २०१६ च्या कायद्याची मर्यादा. तर २०१२ च्या सुधारणेने तीव्र दिव्यांगत्वाची व्याख्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमातून उचलली असून तिची मर्यादा ८० टक्के आहे. याचा अर्थ असा की ६० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळालेले स्वमग्न मूल एकापेक्षा अधिक विकलांगता नसेल तर घरी शिकण्याच्या पर्यायास पात्र ठरत नाही, आणि शाळेच्या पूर्ण दिवसाचा गोंगाट, घंटा, गर्दी आणि उकाडा त्याला पेलत नाही. वैद्यकीय मंडळाने ठरवलेली टक्केवारी शरीराची वा बुद्धीची मर्यादा मोजते. ते मूल सकाळी शिकू शकते की दुपारी, सलग दोन तास बसू शकते की चार, अपस्माराच्या औषधाची गुंगी कोणत्या वेळी असते, यांपैकी काहीही ती मोजत नाही. ४० आणि ८० यांच्या मधल्या मुलाला कायदा हक्क देतो, पण त्या हक्काचा वापर करण्यासाठी दिवसाचा एकच आकार पुढे करतो.

पहिला आक्षेप वैधतेचा आहे. शिक्षण सक्तीचे असताना अर्धी शाळा बेकायदेशीर ठरते, असे मुख्याध्यापकांकडून सांगितले जाते आणि पालक ते खरे मानतात. वस्तुतः शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास ही जी मानके आहेत, ती शाळेसाठी आहेत. शाळेने इतके तास शिकवण्याची व्यवस्था ठेवलीच पाहिजे, असा त्यांचा अर्थ आहे, प्रत्येक मुलाने तितके तास वर्गात बसलेच पाहिजे असा नाही. प्रवेश घेण्याचे कर्तव्य १० व्या कलमाने पालकांवर टाकले आहे, पण त्यासाठी पालकांना शिक्षा सांगणारे कलम त्या कायद्यात नाही. हजेरीवर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य शासनावर आहे हे मान्य केले, तरी त्या कर्तव्याचा हेतू मूल शिक्षणातून निसटू नये हा आहे, आणि संमिश्र व्यवस्था नेमका तोच हेतू साधते. याहून महत्त्वाचे म्हणजे २०१६ च्या कायद्याने ‘वाजवी सोय’ ही संकल्पना आणली आहे. इतर पक्षावर बेसुमार ओझे न टाकता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून केलेला आवश्यक तो बदल, असा तिचा अर्थ आहे. अशी सोय नाकारणे हा त्या कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव ठरतो, आणि १६ वे कलम शिक्षणसंस्थांना प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे ती सोय देण्यास बांधून घेते. परीक्षेत जादा वेळ देणे ही वाजवी सोय असेल, तर वर्गात कमी वेळ बसू देणे ही का नसावी, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यायचे आहे. वेळ वाढवता येतो पण कमी करता येत नाही, असे कोणतेही तत्त्व कायद्यात आढळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो तत्त्वाचा आहे. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यापासून आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारापासून समावेशी शिक्षणाची दिशा ठरलेली आहे, मूल इतर मुलांबरोबरच शिकले पाहिजे, आणि घरी घालवलेला प्रत्येक तास हा त्या सहवासातून वजा झालेला तास आहे, अशी ही मांडणी. शाळेबाहेरच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्यांना युरोपातून आधारही मिळतो: जर्मनीत गृहशाळेला मनाई आहे, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये कोनराड प्रकरणात, मुलांनी समाजात मिसळून वाढावे हे कारण ग्राह्य मानून जर्मन शासनाची बाजू उचलून धरली. परंतु तो वाद मुलांना शाळेत अजिबात न पाठवणाऱ्या पालकांचा होता. संमिश्र व्यवस्थेतील पालक मुलाला शाळेत पाठवू इच्छितो, आणि म्हणून तो निवाडा येथे लागूच पडत नाही. शिवाय त्याच संयुक्त राष्ट्र कराराच्या समितीने २०१६ मध्ये समावेशी शिक्षणावर केलेल्या चौथ्या सामान्य टिप्पणीत असे स्पष्ट केले आहे की रचना, अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धती न बदलता दिव्यांग मुलांना सर्वसाधारण वर्गात नेऊन बसवणे म्हणजे समावेश नव्हे.

हा भेद छत्तीसगडमधील रायपूरच्या कोणत्याही गर्दीच्या वर्गाला लावून पाहावा. पन्नास मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले, फळ्यावरचे काहीही न समजलेले, कान झाकून घेतलेले मूल हजेरीपटावर उपस्थित असते; समावेशाच्या नावाने जो हिशेब ठेवला जातो त्यात ते मोजलेही जाते. तेच मूल सकाळची परिपाठाची वेळ, गणिताचा एक तास, खेळाची सुटी आणि मध्यान्ह भोजन एवढ्यासाठी आले, त्या दोन तासांत त्याला समजेल असे काम मिळाले आणि सवंगड्यांबरोबर ते जेवले, तर त्याची उपस्थिती निम्मी आणि सहभाग कितीतरी अधिक असतो. अमेरिकेच्या १९७५ च्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणविषयक कायद्याने आणि त्यावर आधारलेल्या नियमांनी नियमित वर्ग, विशेष वर्ग, विशेष शाळा, घरचे अध्यापन आणि रुग्णालयातील अध्यापन अशी पर्यायांची सलग साखळी ठेवणे शाळा-प्रशासनांवर बंधनकारक केले आहे, आणि इतर मुलांपासून कमीत कमी दूर नेणारा पर्याय आधी निवडावा, हे तत्त्व घालून दिले आहे. इंग्लंडमध्ये १९९६ चा शिक्षण कायदा मुलाच्या विशेष गरजांना योग्य असे शिक्षण शाळेत नियमित हजेरीने किंवा अन्य मार्गाने देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकतो, आणि शाळाप्रमुखाच्या संमतीने अर्धवेळ शाळा तेथे चालू शकते. या दोन्ही देशांत समावेशाचा आग्रह भारतापेक्षा कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. तेथे तो आग्रह दिवसाच्या तासांऐवजी मुलाच्या प्रगतीवर बेतलेला आहे, इतकेच.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस असून तो मोठ्या अंशी खरा आहे. अर्धवेळ शाळेला मान्यता दिली, की नको असलेल्या मुलाला अकरा वाजता घरी न्या असे सांगण्याचा परवानाच शाळांना मिळेल, ही भीती निराधार नाही; ‘आज सांभाळायला कोणी नाही’, ‘इतर पालकांच्या तक्रारी येतात’, ‘परीक्षेच्या आठवड्यात आणू नका’ ही वाक्ये भारतभर दिव्यांग मुलांच्या पालकांना परिचित आहेत. पण या आक्षेपाने एक गोष्ट दुर्लक्षिली जाते: हा प्रकार आजच चालू आहे, आणि तो चालतो याचे कारणच हे की अर्धवेळ शाळेला कोणतीही मान्यता, नियम किंवा नोंद नाही. जी गोष्ट अधिकृतपणे अस्तित्वातच नाही तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. अकरा वाजता घरी पाठवलेले मूल हजेरीपटावर पूर्ण दिवस उपस्थित असते, त्यामुळे त्याचे हरवलेले तास कोणत्याच कागदावर दिसत नाहीत. शाळेने लादलेला अर्धा दिवस आणि मुलासाठी आखलेला अर्धा दिवस यांचे बाह्यरूप सारखे असले, तरी चार प्रश्नांनी त्यांच्यातील फरक उघडा पडतो. मागणी कोणाची आहे. ती लेखी आहे का. घरच्या तासांसाठी शिक्षक, साहित्य आणि पैसा शाळेकडून घरापर्यंत जातो का. आणि पालकाने म्हणताच मुलाला पूर्ण दिवस परत घेण्यास शाळा बांधलेली आहे का. या चारांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर ती हकालपट्टीच होय, आणि तिला तसेच म्हटले पाहिजे. व्यवस्थेचा गैरवापर होतो म्हणून तिला नियमच नको, हा युक्तिवाद गैरवापर करणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतो.

चौथा आक्षेप घराच्या बाजूने येतो. घरी कोण शिकवणार, या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर ‘आई’ असे असते, आणि संमिश्र व्यवस्था म्हणजे बाईच्या नोकरीवर, झोपेवर आणि आयुष्यावर शिक्षण खात्याने टाकलेले बिनपगारी काम ठरेल, असे स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. याला आर्थिक वर्गाचा मुद्दाही जोडलेला आहे. रायपूरच्या इतिहासात घरच्या शिक्षणाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे: नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये या शहरात आले, सुमारे दोन वर्षे येथे राहिले आणि त्या काळात शाळेत न जाता वडिलांच्या सहवासात शिकले, असे चरित्रकार नमूद करतात. गृहशाळेचे समर्थक अशी उदाहरणे अभिमानाने देतात, पण त्यातून सिद्ध होते ते उलटेच. वडील विश्वनाथ दत्त व्यवसायाने कायदेपंडित होते, घरात ग्रंथ आणि विद्वानांची ये-जा होती, आणि विद्यार्थी असामान्य होता. रायपूरजवळच्या बीरगाव किंवा उरला येथील कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या मजुराच्या घरात, जेथे आईही कामाला जाते, तेथे ‘घरी शिकवा’ हा सल्ला म्हणजे ‘शिकवू नका’ असे सांगण्यासारखेच आहे.

म्हणून हा आक्षेप फेटाळण्याऐवजी त्याला व्यवस्थेची अट बनवणे हाच योग्य प्रतिसाद ठरतो. घरचा भाग म्हणजे आईचा भाग, हे समीकरण मोडले पाहिजे, आणि ते मोडण्याची साधने छत्तीसगडकडे आहेत. या राज्याने २००२ मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू करून पाड्यापाड्यांतील स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित केले, आणि तेही देशभर ‘आशा’ योजना येण्याच्या आधी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, हा उपक्रम सुरू झाला. पुढे मोहल्ल्यांमध्ये वर्ग भरले, आणि शाळेची इमारत बंद असताना शाळा चालू राहू शकते हे शासनाने स्वतःच दाखवून दिले. जे सर्व मुलांसाठी संकटकाळात शक्य झाले ते काही मुलांसाठी नेहमीच्या काळात अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना आपलाच पुरावा आडवा येतो. पाऱ्यातील, म्हणजे मोहल्ल्यातील, प्रशिक्षित आणि मानधन मिळणारी सहायिका, आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारा विशेष शिक्षक आणि घरच्यांपैकी ज्याला जमेल तो, असा तिहेरी आधार उभा राहिला, तर घर हे आईवर बंद होणारे दार राहत नाही.

अर्थात त्यासाठी पैसा लागतो, आणि येथे आकडे बोलके आहेत. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठरलेली होती, म्हणजे महिन्याला तीनशे रुपयेही नाहीत. त्यातून वाक्‌-उपचार किंवा फिजिओथेरपी यांची नियमित सत्रे भागणे शक्य नाही. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले, आणि पुरेसे शिक्षक नेमले जाईपर्यंत अनेक शाळांमध्ये फिरणाऱ्या विशेष शिक्षकांचा आधार घेण्यास सांगितले. फिरता शिक्षक शाळेकडून शाळेकडे जाऊ शकतो, तर त्याच्या वाटेवरच्या घरीही थांबू शकतो. संमिश्र व्यवस्थेला लागणारे मनुष्यबळ कायद्याने आधीच देय आहे. नव्याने मागितलेले आहे ते फक्त त्याच्या वेळापत्रकातील लवचीकपण.

पाचवा मुद्दा आक्षेपकांनी क्वचितच विचारात घेतलेला आहे, आणि तो रायपूरच्या मराठी कुटुंबांना विशेष लागू होतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आल्यापासून येथे मराठी वस्ती आहे. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आणि १९३५ पासूनचे महाराष्ट्र मंडळ ही तिची साक्ष होय. अशा घरात मूल मराठी ऐकते, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकते आणि गल्लीत छत्तीसगडी बोलते. बोलण्यात मागे असलेल्या मुलाच्या पालकांना पुष्कळदा ‘घरची भाषा सोडा, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला मिळतो, आणि आजीची भाषाच मुलापासून तुटते. स्वमग्न आणि भाषाविलंब असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांच्या सहवासाने वाचाविकासाचे नुकसान होते, असे आढळलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगते, पण रायपूरच्या हिंदी शाळेला एका मुलासाठी मराठी शिकवणे शक्य नाही. संमिश्र व्यवस्थेत हे काम दोन जागांमध्ये वाटले जाते: मोजणी, स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे, कपडे घालण्याचा क्रम, गोष्ट ऐकून उत्तर देणे हे घरी मराठीतून, आणि सवंगड्यांबरोबरचे खेळ, रांगेत थांबणे, वर्गाचे नियम हे शाळेत हिंदीतून. एकाच दिवसात दोन भाषांना आपापले निश्चित काम मिळाले, तर गोंधळाचे कारण उरत नाही. दिव्यांग मुलींसाठी वसतिगृह आणि संत ज्ञानेश्वर यांच्या नावाची शाळा चालवणाऱ्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेला अशा मुलांच्या घरच्या तासांसाठी एक खोली, पुस्तके आणि काही निवृत्त शिक्षक उभे करणे अवघड नाही.

सहावा आक्षेप भवितव्याचा: अर्धवेळ शिकलेल्या मुलाची परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्र कोण देणार? आठवीपर्यंत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तोवर नाव पटावर असलेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र देण्याचे कर्तव्य शाळेचे आहे. त्यापुढे मुक्त शिक्षणाचे दोन मार्ग रायपुरातच उपलब्ध आहेत. छत्तीसगड राज्य ओपन स्कूलचे मुख्यालय या शहरात आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्रही येथे आहे. राष्ट्रीय संस्थेत दहावीची नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एकेका विषयात उत्तीर्ण होत गुण साठवता येतात. तिच्या मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष मानले जातात. मुक्त शाळा हा नापासांचा उकिरडा आहे, असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की पाच वर्षांत विषय विभागून देण्याची ही पद्धत प्रत्येक मुलाच्या वेगाला अनुकूल आहे आणि नियमित मंडळांकडे ती नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे: तिसरीतल्या मुलाचे नाव शाळेतून काढून त्याला मुक्त शाळेच्या नावाने घरी बसवणे. संमिश्र व्यवस्था या धोक्याविरुद्धच उभी आहे, कारण ती आठवीपर्यंत मुलाला शाळेतून बाहेर पडू देत नाही.

राहिला कारभाराचा आक्षेप: वेळापत्रक विस्कटेल, शिक्षक गोंधळतील, इतर पालकही सवलत मागतील. महाराष्ट्राच्या शिक्षणपरंपरेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना अंगणात भरणारी बालवाडी उभी केली, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. त्या काळच्या शिक्षण खात्याच्या दृष्टीने तीही अर्धी, अनियमित आणि हजेरीपटात न बसणारी शाळा होती. आज तिला अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ म्हणून मान आहे. गुराख्याच्या दिवसाप्रमाणे शाळेची वेळ बदलणे हे शिक्षणशास्त्र ठरत असेल, तर थेरपीच्या आणि औषधाच्या वेळेप्रमाणे ती बदलणे ही गैरशिस्त ठरू शकत नाही. टाटीबंध येथील एम्सच्या किंवा राजनांदगावच्या, दिव्यांगांसाठीच्या संयुक्त प्रादेशिक केंद्राच्या खेपा करणाऱ्या कुटुंबांची मुले आजही आठवड्याचे काही दिवस शाळा बुडवतातच. त्या बुडण्याला नाव आणि नियोजन द्यायचे की ती गैरहजेरी म्हणून मुलाच्या खात्यावर लिहायची, एवढाच निर्णय बाकी आहे.

या सर्व प्रतिवादातून संमिश्र व्यवस्थेच्या अटी आपोआप निष्पन्न होतात. तिची मागणी पालकांकडून लेखी यावी आणि जेथे शक्य असेल तेथे मुलाचा कलही नोंदवला जावा. शाळेने ती सुचवण्यास मनाई असावी. शाळेचे तास शाळेच्या सोयीने नव्हे तर सहवासाच्या हिशेबाने निवडले जावेत, म्हणजे खेळाची सुटी, मध्यान्ह भोजन, स्नेहसंमेलन आणि सहली यांतून अर्धवेळ मूल वगळले जाणार नाही. गरीब घरातील मुलाच्या बाबतीत जेवणाचा तास गमावणे हे दुहेरी नुकसान आहे. घरच्या तासांचा आराखडा विशेष शिक्षकाने लिहावा, त्यासाठीचे साहित्य आणि मानधन शाळेच्या खात्यातून जावे, आणि दर तीन महिन्यांनी तास वाढवायचे, कमी करायचे की तसेच ठेवायचे, हे कारणांसह नोंदवले जावे. पूर्ण दिवसाकडे परतण्याचे दार कोणत्याही दिवशी उघडे असावे. राष्ट्रीय धोरणाने गृहाधारित शिक्षणाची परिणामकारकता तपासणारे लेखापरीक्षण आणि त्यावरून मानके ठरवण्याचे आश्वासन दिलेले आहे. त्या मानकांमध्ये अर्धवेळ उपस्थितीचा स्वतंत्र रकाना घालण्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही.

आक्षेपकांच्या दोन्ही बाजूंना अखेर आपली भूमिका तपासून पाहावी लागेल. समावेशाच्या समर्थकांनी हे सांगावे की वर्गात चार तास निष्क्रिय बसलेल्या मुलाला ते समाविष्ट मानतात का, आणि मानत नसतील तर त्याच मुलाच्या दोन सक्रिय तासांना विरोध कोणत्या तत्त्वावर करतात. प्रशासनाने हे सांगावे की अकरा वाजता तोंडी आदेशाने घरी पाठवलेल्या मुलांचे तास आज कोणत्या नोंदवहीत लिहिले जातात. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सिद्धतेचा भार संमिश्र व्यवस्था मागणाऱ्या पालकावर टाकता येणार नाही. तो ती नाकारणाऱ्यावरच राहील, कारण वाजवी सोय नाकारण्याचे कारण देण्याची जबाबदारी कायद्याने नाकारणाऱ्याकडेच दिलेली आहे.